गव्हाचा फेस

आमच्या इंदापूरकडे गहू हे मानाचं धान्य. बारामतीच्या बागायती पट्ट्याला नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी होतं, तिथली गोष्ट निराळी. आमच्या जिराईत शिवारात रोजची भाकरी ज्वारीची आणि पोळी सणाला, नाही तर जावई आला तर. पुढे उजनीच्या पाण्यावर ऊस आला, केळी आल्या, पोळी रोजची झाली. तरी आईच्या लेखी गव्हाचा मान उतरलेला नाही. त्यामुळे भाऊबीजेला ताईबरोबर बारामतीहून आलेल्या भाच्यानं (तो जर्मनीत नोकरीला असतो) पिशवीतून दोन बाटल्या काढून "मामा, ही गव्हाची बिअर" म्हटलं, तेव्हा आईनं विचारलं, "गव्हाची? मग पोळ्या कशाच्या खातात रं ती माणसं?"

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकांनी हुकूम काढला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालावं. गहू पावासाठी राहावा, हा त्यामागचा एक हेतू मानतात. पुढे गव्हाच्या बिअरचा मक्ता मात्र त्याच राजघराण्यानं आपल्याकडे घेतला! १८७२ साली श्नायडर घराण्याला तो हक्क मिळाला आणि १९०७ साली त्या घरच्या माथिल्डे श्नायडर या विधवा बाईंनी ही कडक 'आव्हेंटिनुस' काढली. मद्यार्क शेकडा ८.२.

"विधवेनं?" आई म्हणाली आणि गप्प झाली. वडिलांनी ओढ्याकाठचं दीड एकर रान दारूपायी घालवलं होतं. त्यांच्या मागं आमच्या उंबऱ्याच्या आत बाटली आली नव्हती. मी काही बोललो नाही. ताईनं मान खाली घातली. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "फोड. पण माझ्यासमोर."

भाच्यानं उंच, कमरेत बारीक असा पेला थंड पाण्यानं विसळला. पुसला नाही, म्हणजे फेस आवरतो. पेला तिरका धरून कडेकडेनं धार सोडली. तळाशी थोडी राहिली तेव्हा बाटली गोल हलवून यीस्टचा गाळही वर ओतला. रंग काकवीचा, वर चार बोटं फेस. आईनं वाकून वास घेतला.

"केळी पिकवायच्या खोलीचा वास येतोय. लवंगपण टाकलीय."

"आजी, त्यात केळं नाही नि लवंगही नाही. यीस्टच तो वास तयार करतं."

आईचा विश्वास बसला नाही.

फार थंड करून ही बिअर वाया घालवू नये, असं भाचा सांगत होता, ते मला पटलं. आधी खारकेची गोडी, मग घशाशी हळूच ऊब. घटाघट पिण्याचं हे पेय नव्हे; घास चावावा तसा घोट घ्यावा. एक पेला आम्हां दोघांना तासभर पुरला. आई समोर बसून वाती वळत होती आणि प्रत्येक घोटाला वर पाहत होती.

पेला रिकामा झाल्यावर तिनं तो स्वतः धुऊन पालथा घातला.

"दुसरी उघडू?" भाच्यानं विचारलं.

"ती बारामतीला ने," आई म्हणाली. "इथं एक पुरे झाली."