‘शामची आई’ सापडेना!

मुलांनो, आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर आहे. घरबसल्या फोनवरूनही ती पाहता येते. ही यादी सांभाळायचं काम माझ्याकडे. मध्यंतरी मनात आलं, लोकांना काय काय मिळत नाही ते तरी बघू. ‘एकही पुस्तक नाही’ असं उत्तर ज्या ज्या शब्दांना मिळालं होतं, ते सगळे मी कागदावर उतरवले. वाचताना जीव नुसता चुटपुटला.

‘शामची आई’, ‘फास्टर फेने’, ‘ययाती’...

अहो, ही सगळी पुस्तकं आमच्याकडे आहेत! साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तर बालविभागातल्या पहिल्याच कपाटात. पण कॉम्प्युटर पडला अक्षराला अक्षर जुळवणारा. जुळलं नाही, की ‘नाही’ म्हणून मोकळा. सहावीतली एक मुलगी मला म्हणालीसुद्धा, “काका, तुमच्याकडे फास्टर फेणे नाहीच ना? मी तीनदा बघितलं.” ती विचारायला आली म्हणून तिला पुस्तक मिळालं. न विचारता परत गेलेल्यांचं काय?

‘ययाती’ची तर आणखीनच गंमत. इथे मुलाचं बरोबर आहे, बरं का! मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘गुरु’चा ‘गुरू’ झाला. वि. स. खांडेकरांची कादंबरी १९५९ सालची, तिच्या नावात ‘ति’ ऱ्हस्व. म्हणजे शाळेत बाईंचं नीट ऐकणाऱ्यालाच पुस्तक मिळायचं नाही!

मग मी आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा, आम्ही दोघं कामाला लागलो. युक्ती जुनीच आहे. लेवेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञाने १९६५ साली दोन शब्दांमधलं अंतर मोजायची रीत मांडली. एक अक्षर घाला, काढा किंवा बदला. असे कमीत कमी किती फेरफार केले की एका शब्दाचा दुसरा होतो, तेवढं त्यांचं अंतर. ‘फेने’चा ‘फेणे’ करायला एकच. ‘शाम’चा ‘श्याम’ करायला मात्र दोन! कारण आपल्याला ‘श्या’ हे एक अक्षर दिसतं, पण कॉम्प्युटर त्यातला पाय मोडल्याची खूण आणि ‘य’ वेगवेगळे मोजतो. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, श-ष आणि हा ‘श्या’, यांचे फरक आम्ही अगदी किरकोळ धरायला सांगितले.

शब्द सुचवायचे ते शब्दकोशातून नाही, आमच्याच पुस्तकांच्या आणि लेखकांच्या नावांतून. जे पुस्तक कपाटात नाही ते सुचवणं म्हणजे जेवायला बोलवायचं आणि चूल थंड!

आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद नाराज झाले. म्हणाले, “अशाने मुलांचं शुद्धलेखन बिघडेल.” मला नाही तसं वाटत. पडद्यावर ‘तुम्हाला “श्यामची आई” म्हणायचंय का?’ असं येतं, तेव्हा बरोबर शब्द डोळ्यांसमोरच असतो. आणि पुस्तक हातात पडलं तर तो शंभरदा दिसेल. नुसतं ‘नाही’ म्हणून कुणाचं शुद्धलेखन सुधारलंय?

मात्र एक पथ्य आम्ही पाळलं. कॉम्प्युटरने विचारायचं, परस्पर बदलायचं नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. दोन्ही शब्द खरे. कुणाला कोणता हवा, ते त्यालाच ठाऊक.

आता राहिली ती इंग्रजी अक्षरांत मराठी नावं टाइप करणारी मंडळी. ‘आई’साठी कुणी दोन ‘ए’ आणि एक ‘आय’ लिहितं, कुणी एकच ‘ए’ आणि दोन ‘ई’, तर कुणी शेवटी ‘वाय’ जोडतं. त्यांच्यासाठी काय करावं, यावर सध्या आम्हा दोघांची रोज वादावादी चालू आहे.