दम धरणे

‘दम’ हा शब्द आम्ही दोघे वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. दम धरणे, दम देणे, दमाने घेणे, एका दमात वाचणे. एकाच शब्दात श्वास आहे, धीर आहे आणि धाकही. अर्थच्छटांची ही यादी फळ्यावर लिहून झाली की आमचे काम संपे. शब्दाचा मूळ, शारीर अर्थ मात्र आम्हांला कळला तो २०२५च्या फेब्रुवारीत, पिंपरीतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात.

त्या वर्षी जानेवारीत पुणे परिसरात जीबीएसची, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोमची साथ आली. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत तिचा जोर होता, पण पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. एकूण संशयित रुग्ण दोनशेहून अधिक झाले. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. दुबळेपणा बहुधा पायांपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. आमच्या ग्रंथालयातल्या मामांना आधी घोड्यावर चढून वरच्या फळीवरचे पुस्तक काढता येईना. चौथ्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना. त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवले.

आम्हांला वाटले, चला, छातीला विश्रांती मिळाली. डॉक्टरांनी हा समज दूर केला. फासळ्यांच्या तळाशी घुमटासारखे श्वासपटल असते. जन्मल्यापासून त्याला सुट्टी ठाऊक नसते. त्याचे सगळे काम यंत्राने केले, तर ते झपाट्याने झिजते. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूमृत अवयवदात्यांची श्वासपटले तपासली. १८ ते ६९ तास ती निश्चल राहिली होती. तेवढ्यात त्यांचे तंतू निम्म्याहून बारीक झाले होते. मामांच्या बाबतीत तर घाव दुहेरी होता: रोगाने मज्जातंतू गाठले होते आणि ज्या यंत्राने जीव वाचवला त्यानेच स्नायूला बसवून ठेवले होते.

म्हणून यंत्र सोडवावे लागते, तेही हळूहळू. इंग्रजीत या सोडवणुकीला जो शब्द आहे, तोच तान्ह्याचे अंगावरचे दूध तोडण्यालाही आहे. यंत्राचा आधार अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत अगदी कमी करतात आणि रुग्ण स्वतः किती तग धरतो ते पाहतात.

पहिल्या प्रयत्नाच्या वेळी आम्ही मामींसोबत काचेपाशी उभे होतो. मामांच्या गळ्याचे स्नायू ताठले, कपाळावर घाम आला. “बघवत नाही हो, सर,” मामी म्हणाल्या. आम्हांलाही बघवेना. यंत्र पूर्ववत करा, अशी विनंती आम्हीच सिस्टरना केली. त्या शांतपणे म्हणाल्या, “आकडे बरे आहेत. अजून थोडं थांबू या.” वीस मिनिटांनी आकडे बिघडले, तेव्हा त्यांनी आपण होऊन आधार वाढवला. थकलेल्या स्नायूला आणखी दमवले तर तो उद्याही चालणार नाही, हे त्यांनीच सांगितले. थांबायचे कधी आणि थांबवायचे कधी, हेच खरे कौशल्य होते.

मामांच्या गळ्यात नळी होती, त्यामुळे आवाज नव्हता. हातांत पेन धरण्याचे बळ नव्हते. आम्ही पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून नेली होती. आम्ही अक्षरावर बोट ठेवायचे आणि त्यांनी पापणी मिटायची. त्या दुपारी त्यांनी तीन अक्षरे दिली: प, र, त. ग्रंथालयातला माणूस, आम्हांला वाटले, पुस्तके परत करा म्हणताहेत. मामी लगेच म्हणाल्या, “परत करू या म्हणताहेत. उद्या परत.”

या विद्येचा आरंभ १९५२ साली कोपनहेगनमध्ये झाला असे म्हणतात. पोलिओच्या साथीत यंत्रे अपुरी पडली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन (नाटककार इब्सेनचे केवळ आडनावबंधू) यांच्या उपायानुसार सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने फुगे दाबले आणि रुग्णांना श्वास दिला. पिंपरीत राहणाऱ्याला पाळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

त्या रात्री घरी परतताना आम्ही दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो. वर्गात आम्ही न शिकवलेली एखादी कविता ठेवतो. मुले कवितेकडे न पाहता आमच्याकडे पाहतात. मिनिटभराची शांतता आम्हांला सोसवत नाही. आम्ही अर्थ सांगू लागतो, मुले उतरवून घेतात. मग परीक्षकांच्या बैठकीत, मुलांना स्वतःचे वाचन उरले नाही, असे उसासे टाकणारे आम्हीच. तुलना फार ताणू नये. यंत्र नसते तर मामा नसते. आमच्या टिपणांवाचून मात्र कुणाचाही जीव अडला नसता. तडफड बघवत नाही, एवढेच दोन्हींकडे सारखे होते.

मामांचे यंत्र मार्चमध्ये सुटले, सातव्या प्रयत्नात. पुढे काही महिन्यांनी ते ग्रंथालयात रुजू झाले. आवाज खोल गेला आहे. जिना चढताना मधल्या टप्प्यावर ते थांबतात. आम्ही हात पुढे करत नाही. आम्हीही तिथेच थांबतो.