आधी तेलाचं विचारा

मोबाइलमधला फोटो पुढे करून ‘ताई, केसांचं एक्स्टेन्शन टेपचं लावू की केराटिन बाँडचं?’ असं विचारणाऱ्या मुलीला मी आधी विचारते, डोक्याला तेल कधी लावतेस? आठवड्यातून दोनदा, असं उत्तर आलं की टेपचा विषय मी तिथेच मिटवते. टेपचा गोंद तेलाने सुटतो. नरकचतुर्दशीला आईने टाळूवर तेल जिरवलं की महिन्याभरापूर्वी मन लावून बसवलेल्या पट्ट्या सैल पडतात. तेल सोडवत नसेल तर क्लिप-इन घ्यावं. आजीच्या गंगावनासारखं समारंभापुरतं लावायचं, रात्री काढून ठेवायचं. बारीक केसांना मला हीच पद्धत सगळ्यांत सुरक्षित वाटते.

केस बारीक असणं वेगळं आणि विरळ असणं वेगळं. चिमटीत एकच केस धरून फिरवला आणि हाताला जवळजवळ लागलाच नाही, तर तो बारीक. असे केस डोक्यावर भरपूरही असतात. पण भांग रुंदावत चालला असेल, तर मी एक्स्टेन्शनला नाही म्हणते आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते. बाळंतपणानंतरची गळती बहुधा वर्षभरात आपोआप आटोक्यात येते, तोवर धीर धरावा. मुळांवर ओढ बसतच राहिली तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

मायक्रोरिंग मी बारीक केसांना लावत नाही. कडी घट्ट दाबली तर केस तिथेच तुटतो, सैल ठेवली तर घसरते. केराटिन बाँड काढताना चिमट्याने फोडावा लागतो, त्यात बारीक केसांचे हाल होतात. म्हणून कायम लावायचंच असेल तर टेप, तीही एकेरी: बटेच्या खाली केसांची पट्टी, वर नुसती कोरी टेप. वजन जवळपास निम्म्यावर येतं. बट इतकी पातळ घ्यायची की तिच्याआडून कंगव्याची दांडी दिसली पाहिजे. जाड घेतली तर दोन्ही टेप एकमेकींना चिकटत नाहीत, फारच कमी घेतली तर सगळा भार मोजक्या केसांवर येतो. कानशिलांवरचे दोन बोटं केस मोकळेच ठेवते. तिथला केस सगळ्यांत नाजूक असतो.

केस रेमी घ्यावेत, म्हणजे सगळ्यांची मुळं एकाच बाजूला. कंगव्यातल्या गुंतवळापासून केलेल्या स्वस्त केसांवर सिलिकॉनचा थर असतो. तो धुऊन गेला की जटा होतात.

लावल्यावर पहिले 48 तास पाणी नको. शाम्पू सल्फेट नसलेला, फक्त टाळूला. कंडिशनर कानाच्या खाली. मास्क कितीही महागाचा असला तरी मुळांना लावू नका: टेप सुटते आणि बारीक केस डोक्याला चपटे बसतात. लावलेल्या केसांना टाळूचं तेल पोहोचत नाही, म्हणून टोकांना दोन थेंब सिरम पुरे. रात्री सैल वेणी घाला, ओल्या केसांनी झोपू नका.

सहा ते आठ आठवड्यांनी पट्ट्या काढल्या की मूठभर गुंतवळ निघतं आणि मुली रडवेल्या होतात. आपले रोज 50 ते 100 केस गळतातच. एरवी ते कंगव्यात जातात, इथे पट्टीत अडकून साठतात. मी त्यातला एकेक केस उजेडात धरून दाखवते. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो आपणहून गळलेला. ठिपका नसलेले आखूड तुकडेच जास्त निघाले, तर मी पुढच्या पट्ट्या लावत नाही, कितीही गळ घातली तरी.