लंडनची ओहोटी

मोऱ्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर आधी भरती-ओहोटी बघावी लागते, मग घड्याळ. 2024 साली उरणला लोकल आली, तरी आमचा जीव लाँचमध्ये आणि लाँचचा जीव पाण्यात! ओहोटी लागली की बंदरात नुसता गाळ. म्हणून चिरंजीवांनी ऑक्टोबरात लंडनला बोलावलं तेव्हा मी पहिलं विचारलं, ‘थेम्सला ओहोटी असते का रे?’ तो हसला.

पण असते हो! लंडन ब्रिजपाशी पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं, आणि उतरलं की काठाला चिखल. मी अगदी गहिवरून बघत होतो. सौ. म्हणाली, ‘चिखलच बघायचा होता, तर मोऱ्याचा काय वाईट होता?’

प्रिमरोज हिलजवळ बाबासाहेब आंबेडकर 1921-22 साली राहिले, ते घरही पाहिलं. रस्त्यावर पिवळ्या पानांचा सडा. दोन स्वेटर घालून मी कुडकुडत होतो; या गारठ्यात माणूस अभ्यास करत होता!

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर मागे घेतात. म्हणजे मुलाच्या घरी एक तास फुकट! सौ.नं त्यात घावणे करून घेतले. खाता खाता मुलगा म्हणाला, ‘आई, आता साडेचारऐवजी साडेपाच तासांचा फरक. तुम्ही परत गेलात की मी ऑफिसातून येऊन फोन करीन तेव्हा तिकडे बारा वाजलेले असतील.’

‘कर की,’ सौ. म्हणाली, ‘मला कुठे बारापर्यंत झोप येते!’

गेली तीस वर्षं ही बाई नऊ वाजता घोरायला लागते.