आरएसीवाला जावई

'सर, तुमचं कार्ड तर मागच्या वर्षीच एक्सपायर झालंय!'

मुंबई विमानतळ, टर्मिनल २, रात्रीचे साडेअकरा. काउंटरवरच्या मुलीने माझ्या नवऱ्याचं ग्रीनकार्ड उलटसुलट करून बघितलं आणि हे वाक्य टाकलं. मागे मारुतीच्या शेपटीसारखी रांग, बॅगेत आईने कोंबलेली भडंगाची पाकिटं आणि माझ्या पोटात हा एवढा गोळा. नवऱ्याने शांतपणे फाइलमधून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला. परत वाचला. मग म्हणाली, 'वन मिनिट हं, मी सुपरवायझरना विचारून येते.'

तिचा तो 'वन मिनिट' संपेपर्यंत तुम्हाला या कागदाची गोष्ट सांगते.

माझा नवरा सांगलीचा. त्याचे काका फार पूर्वी अमेरिकेचे नागरिक झाले आणि त्यांनी आपल्या भावासाठी अर्ज टाकला. भावंडांच्या कोट्यात भारतीयांचा नंबर लागायला बारा-तेरा वर्षं लागली. शेवटी सप्टेंबर २०१४ मध्ये ही सगळी मंडळी न्यू जर्सीत एडिसनला पोचली. आमचं लग्न डिसेंबर २०१९ मध्ये मिरजेत झालं. ग्रीनकार्डवाल्यांच्या बायकांसाठी तेव्हा रांगच नव्हती, त्यामुळे आम्ही जाम खूश होतो. आणि मग मार्च २०२० उजाडला! कोरोना, लॉकडाऊन, वकिलातीचं कामकाज ठप्प. लग्नानंतरची अडीच वर्षं तो तिकडे आणि मी मिरजेत. मास कॉमची डिग्री, फ्रीलान्स लिखाण आणि रात्री व्हिडिओ कॉल, असं आमचं 'मॅरीड लाइफ' होतं. मी तिकडे गेले २०२२ मध्ये, आणि मग स्वतःचं दहा वर्षांचं कोरं करकरीत ग्रीनकार्ड हातात पडलं.

आणि मी जरा स्थिरस्थावर होतेय तोवर नवऱ्याच्या कार्डाची मुदत संपत आली.

इथे एक बेसिक फंडा सांगायला हवा. ग्रीनकार्डवर दहा वर्षांची तारीख असते, पण ती कार्डाची असते, तिथे राहण्याच्या हक्काची नसते. एटीएम कार्डाची तारीख उलटली म्हणून खात्यातले पैसे उडून जात नाहीत ना, तसंच. नवऱ्याने सप्टेंबर २०२४ च्या मध्यावर ऑनलाइन अर्ज भरला. फॉर्मचं नाव आय-९०, फी ४१५ डॉलर. काही दिवसांनी पोस्टाने पावती आली. पूर्वी या पावतीमुळे जुन्या कार्डाला २४ महिन्यांची वाढ मिळायची, १० सप्टेंबर २०२४ पासून ती ३६ महिन्यांची झाली होती. म्हणजे जुनं कार्ड अधिक हा कागद, अशी जोडी सप्टेंबर २०२७ पर्यंत नोकरीलाही चालणार आणि परदेश प्रवासालाही. कागदावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

(मग सरळ नागरिक का नाही झाला? पाच वर्षांनंतर अर्ज करता येतो की! पण मग भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. हा विषय निघाला की आमच्या घरात कुणाला तरी नेमका डिशवॉशर लावायचा असतो.)

आता माझ्या आजोबांविषयी. आजोबा रेल्वेत टीसी होते. मिरज जंक्शनवर उभी हयात गेली. रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली तरी जगातल्या माणसांचे त्यांनी दोनच प्रकार केलेले होते, तिकीटवाले आणि बिनतिकीटवाले. २०२४ च्या दिवाळीआधी त्यांचा फोन आला. 'काय गं, येताय ना दोघं?'

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. कार्ड संपलंय, नवं यायचंय, पावती आहे, पण कार्ड नाही वगैरे वगैरे. आजोबा नीट ऐकून घेऊन म्हणाले, 'म्हणजे आरएसी म्हण की! अगं, आरएसीवाल्याला गाडीत चढता येतं. बर्थ नाही मिळाली तर बसून येतो. त्याला कोण उतरवतंय? जावईबापूंना सांग, घाबरताय कशाला, चढा की गाडीत!'

आम्ही फोनवर खूप हसलो. आणि गेलो नाही.

का नाही गेलो? खरं सांगायचं तर कुणीही अडवलं नव्हतं. पण आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक नवी स्टोरी यायची. कुणाच्या तरी मेव्हण्याला विमानात चढू दिलं नाही, कुणाच्या तरी मित्राला उतरल्यावर चार तास बसवून ठेवलं. मेव्हणा कुणाचा, मित्र कुठला, हे कुणालाच माहीत नसायचं. त्यात नोव्हेंबरमध्ये तिथली निवडणूक झाली, सरकार बदलणार हे नक्की झालं. काही विद्यापीठांनी तर परदेशी विद्यार्थ्यांना जानेवारीच्या शपथविधीआधी परत यायला सांगितलं. आम्ही विद्यार्थी नव्हतो, पण भीतीला कॅटेगरी कळत नाही. 'नवं कार्ड हातात पडू दे, मग निवांत महिनाभर जाऊ,' असं ठरलं. माझं स्वतःचं कार्ड धडधाकट होतं, मी एकटी जाऊ शकत होते. पण दोघांनी मिळून जायचं, असा माझाच हट्ट.

डिसेंबरच्या मध्यावर आजोबा गेले.

मी मिळेल त्या फ्लाइटने निघाले. मुंबईहून गाडी करून मिरजेत पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. नवरा तिकडून व्हिडिओ कॉलवर. भावाने मोबाइल उंच धरलेला. 'जावई नाही आले?' असं एका मावशींनी विचारलं, तेव्हा मी पटकन म्हणाले, 'त्याचं कार्ड यायचंय ना.' आजी कोपऱ्यात बसून होती. ती वर न बघता म्हणाली, 'पण ते तर आरएसी होतं, असं म्हणत होते हे.'

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष तर आणखी टेन्शनचं गेलं. २०२५ मध्ये ग्रीनकार्डवाल्यांनाही विमानतळावर जास्त प्रश्न विचारतात, अशा बातम्या यायला लागल्या. कार्डाचा पत्ता नव्हताच. पण वर्षश्राद्ध जवळ आलं, तिथीने अकरा दिवस आधीच, तेव्हा नवरा स्वतःहून म्हणाला, 'तिकिटं काढ.'

या वेळी आम्ही व्हॉट्सअॅपला विचारण्याऐवजी इमिग्रेशनच्या वकिलीणबाईंना विचारलं. अर्ध्या तासात त्यांनी आमच्या भीतीची छाननी केली. पावती चालते का? चालते, पण मूळ कागद हवा, मोबाइलमधला फोटो नको, आणि जुनं कार्ड सोबत हवंच. बोटांच्या ठशांची अपॉइंटमेंट बाकी आहे का? असेल तर ती चुकवून जायचं नाही. किती दिवस बाहेर राहणार? सहा महिन्यांच्या वर गेलं की प्रश्न वाढतात, आणि वर्षभर राहायचं तर निघण्याआधी रीएंट्री परमिटचा अर्ज लागतो. आम्ही जाणार होतो तीन आठवडे. पोलिस केस वगैरे? नवऱ्याच्या नावावर एक पार्किंगची पावती होती. बाई हसल्या. 'आणि कुणी आय-४०७ फॉर्म पुढे केला तर सही करायची नाही. तो फॉर्म म्हणजे ग्रीनकार्ड स्वखुशीने सोडल्याची कबुली असते.' बस्स. वर्षभर उराशी बाळगलेल्या धाकातून हातात राहिलेल्या खऱ्या गोष्टी एवढ्याच. टॅक्स रिटर्न, घरभाड्याचा करार आणि ऑफिसचं पत्र आम्ही आपलं जादा म्हणून फाइलमध्ये घातलं.

आम्ही मिरजेत पोचलो. स्टेशनवरून येताना नवरा काहीच बोलला नाही. श्राद्धाच्या दिवशी तो बाबांच्या शेजारी बसला, पानं वाढायला उभा राहिला, दुपारी एकटाच सतारमेकर गल्लीतून चक्कर मारून आला. आजोबा त्याला पहिल्यांदा फिरायला घेऊन गेले होते, ते तिथेच. संध्याकाळी आजीने त्याला आजोबांच्या खुर्चीवर बसायला लावलं आणि म्हणाली, 'तो कागद दाखवा बघू.'

त्याने फाइल उघडली. आजीने चष्मा लावून कागद दोन्ही हातांत धरला. इंग्रजी तिला वाचता येत नाही. तिने तो पुढून पाहिला, मागून पाहिला.

'हाच तो?'

'हो, आजी.'

'एवढाच?'

नवऱ्याने मान खाली घातली. आजीने कागद नीट घडी करून परत दिला आणि चहा टाकायला उठली.

...तर काउंटरवरची ती मुलगी सुपरवायझरना घेऊन परत आली. बारा मिनिटं झाली होती, मी मोजत होते. सुपरवायझरनी कार्डावरची तारीख बघितली, कागद बघितला, बोटांवर महिने मोजले, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी पाहिलं आणि त्या मुलीला समजावलं, 'एक्स्टेन्शन आहे. कार्डच्या डेटपासून मोजायचं.' मुलगी ओशाळून म्हणाली, 'सॉरी सर, मी पहिल्यांदाच बघितलं असं.' दोन बोर्डिंग पास हातात पडले. नेवार्कला उतरल्यावर ऑफिसरने विचारलं, किती दिवस होतात, कशासाठी गेला होतात. नवरा म्हणाला, 'फॅमिली.' त्याने कागदावर नजर टाकली आणि आम्हाला पुढे सोडलं. इतकं साधं!

मला इतकं साधं झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. बॅगांची वाट बघत पट्ट्यापाशी उभी राहून मी मात्र रडत होते. आदल्या वर्षीच्या दिवाळीलाही हाच कागद होता, हीच तारीख, हेच ३६ महिने. नवऱ्याने काही विचारलं नाही. नुसता जवळ येऊन उभा राहिला.

तुमच्यापैकी कुणाची फाइल कुठल्यातरी देशाच्या कुठल्यातरी ऑफिसात पडून असेल, तर प्लीज, हातात जो कागद आहे तो आधी नीट वाचा. शंका असेल तर जाणकाराला पैसे मोजून विचारा. अडचण खरी असेल तर थांबा, जरूर थांबा. पण नुसतीच धास्ती असेल, तर कॅलेंडरवर कार्डाची तारीख बघताना घरच्यांची वयंही बघा.

आमचं कार्ड अजून आलेलं नाही. आजीला मात्र फोन करून सांगितलंय, पुढच्या दिवाळीला दोघंही येतोय.