केळीवरचा करपा

चांगदेवला तापी आणि पूर्णा एकमेकींना मिळतात. हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे तिथं पाणी दूरवर पसरलेलं असतं. सकाळी अकराच्या उन्हात मी प्रकाश कमी करणारा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावला आणि दहा सेकंदांचं एक्स्पोजर घेतलं. पाणी मनासारखं आलं, साय धरल्यासारखं. फोटो रावेरकडच्या एका केळी बागायतदाराला दाखवला, तर त्याने पाण्याकडे पाहिलंच नाही. काठावरच्या बागेवर बोट ठेवून विचारलं, "भाऊ, करपा आला का हो हिच्यावर?"

करपाबिरपा काही नव्हता, बाग हिरवीगार होती. फोटोत मात्र ती पिवळट-तपकिरी दिसत होती, आणि काठाला टेकवलेली माझी काळी नायलॉनची छत्री चक्क चॉकलेटी.

आपल्याला दिसतो तो प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. सेन्सरमधल्या सिलिकॉनला मात्र ११००च्या आसपासपर्यंत दिसतं. म्हणून कंपन्या सेन्सरपुढेच अवरक्त, म्हणजे ७००च्या पलीकडचा प्रकाश, अडवणारी काच बसवतात. ती बहुतेक अडवते, सगळं नाही. समजा, हजारात एक भाग सुटला, तर एरवी तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण दहा स्टॉपचा फिल्टर दिसणारा प्रकाश हजारपट कमी करतो, आणि रंगवलेल्या काचेचे बरेच स्वस्त फिल्टर अवरक्ताला मोकळी वाट देतात. मग चोर आणि सावकार एकाच मापाचे होतात. हाच हिशेब सहा स्टॉपला शेकडा सहावर येतो आणि तीन स्टॉपला एकाच्याही खाली.

पानंच का बिघडतात? हिरवं पान लाल प्रकाश शोषतं, पण अवरक्त भरभरून परतवतं. रॉबर्ट वुड यांनी १९१०मध्येच अवरक्तात पांढरीशुभ्र झाडं दाखवली होती. कृत्रिम धाग्यांवरचे काळे रंगही डोळ्यांपुरतेच काळे असतात. दोष असा वस्तूगणिक वेगळा, म्हणून व्हाइट बॅलन्सने हे सुधारत नाही. छत्रीचा तांबूसपणा काढावा, तर पाणी हिरवट होतं.

आमच्याकडे एक समज फार पक्का आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा इथं अवरक्तरोधक फिल्टर हवाच, असं दुकानदारही सांगतात. साफ चूक. तापलेली जमीन जी उष्णता फेकते, तिची तरंगलांबी नऊ-दहा हजार नॅनोमीटरच्या घरात असते. ती लेन्सची काचच अडवते, आणि सेन्सरला ती दिसतही नाही. दोष आहे तो सूर्यप्रकाशातल्या ७००च्या लगेच पुढच्या पट्ट्याचा. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर डिसेंबरातही तो छळतो.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस १९८९मध्ये गेले. त्यांच्या पिढीला ही डोकेदुखी नव्हती. साध्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला ७००च्या पलीकडचं दिसतच नसे. लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावायची, ती कटकट वेगळी. डिजिटलमध्ये मात्र मोठमोठ्यांना घाम फुटला. २००६च्या लायका एम८मध्ये सेन्सरपुढची काच इतकी पातळ होती की काळे कपडे एनडीशिवायच जांभळट यायचे. शेवटी कंपनीने ग्राहकांना दोन-दोन फिल्टर फुकट दिले.

मग वेगळा अवरक्तरोधक फिल्टर घ्यावा का? माझं मत असं: सहा स्टॉपपर्यंत खर्च करू नका. त्यापुढे जायचं असेल, तर अवरक्तही अडवणारा एनडीच घ्या. वेगळी काच जुना कॅमेरा किंवा आधीच घेतलेला महागडा एनडी असेल तरच. ती आरशासारखी परतवणारी असेल, तर एनडीच्या पुढे, बाहेरच्या बाजूला लावा, नाहीतर दोन काचांमध्ये प्रतिबिंबं नाचतात. फार रुंद लेन्सवर तिच्यामुळे कडा निळसर-हिरवट होतात, हेही सोसावं लागतं.

टीव्हीच्या रिमोटने फिल्टर तपासायची युक्ती अनेक जण सांगतात. रिमोटचा दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो. आपलं दुखणं त्याच्या बरंच अलीकडे. त्यापेक्षा काळी नायलॉनची छत्री आणि केळीचं पान शेजारी उन्हात ठेवा. एक फोटो एनडीशिवाय, एक एनडी लावून, व्हाइट बॅलन्स दोन्हींत उन्हाचाच. डीएसएलआर असेल, तर मागची डोळा लावायची खिडकी झाकायला विसरू नका. तिथून शिरलेल्या उजेडाचा आळ मी स्वतः दोन वर्षं फिल्टरवर घेत होतो.