गव्हाच्या वाटेवरच्या वस्तू

कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचवन आणि अल्बर्टाच्या गवताळ सपाटीवर, गहू पिकवून भागत नसे. तो विकणं हे वेगळंच दुखणं होतं. त्या विक्रीच्या वाटेवरच्या या काही वस्तू. बऱ्याचशा गेल्या, उरल्यासुरल्या जायच्या बेतात आहेत.

गोणी. दोन बुशेलची, भरली की 54 किलोंची. 1876च्या ऑक्टोबरात विनिपेगहून टोरांटोला बियाण्याचा गहू गेला तो असा गोण्यांतून. रेड नदीतून आगबोटीनं मिनेसोटात, तिथून रेल्वेनं. व्यापाऱ्याला हवा होता 5,000 बुशेल. मिळाला जेमतेम 857.

घोडागाडी. बर्फ पडला की चाकं जाऊन खाली पट्ट्या. घोड्यांनी एका दिवसात जाऊन परतावं, या हिशेबानं रुळांवर धान्याची ठाणी बसली. घोडे गेले, गावांमधली अंतरं मात्र घोड्यांचीच राहिली.

एलेव्हेटर. रुळालगतचं उंच लाकडी कोठार. पहिलं 1879 साली मॅनिटोबातल्या नीव्हरव्हिलला उभं राहिलं, आणि ते गोल होतं. चौकोनी नंतर आली. गाडी काट्यावर चढायची, पुढून उचलली जायची, गहू खालच्या खड्ड्यात. पट्ट्यावरचे डबे तो वर नेऊन कप्प्यांत ओतायचे. 1933 साली देशात अशी 5,758 होती.

चाळणी. एलेव्हेटरवाला मूठभर गहू चाळायचा, तणाचं बी निघेल त्या प्रमाणात वजनातून कडता कापायचा. मग प्रत ठरवायचा. काटा त्याचा, चाळणी त्याची, भावही त्याचाच. गाडी भरून आलेला शेतकरी संध्याकाळी गहू परत थोडाच नेणार? अडला हरी.

वाघिणीच्या दाराच्या फळ्या. मालाच्या साध्या वाघिणीतून गहू गळू नये म्हणून दाराला आतून ठोकायच्या. तळाला उतार असलेल्या खास वाघिणी आल्यावर फळ्याही गेल्या आणि ठोकणारेही.

आणि फलाट. याच्यावर जरा थांबायला हवं, कारण याचा फोटो कुणी काढत नाही. रुळाकडेचा साधा लाकडी ओटा. गाडी त्यावर चढवायची आणि गहू फावड्यानं थेट वाघिणीत टाकायचा. वाघीण भरायला पंधरा-वीस खेपा तरी लागत. अंग मोडून निघे, पण मधला एलेव्हेटरवाला टळे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं एलेव्हेटर बांधणाऱ्यांना मक्ता दिला होता, त्यामुळे शेतकऱ्याला वाघीणच मिळेना. 1900च्या मॅनिटोबा ग्रेन ॲक्टनं फलाटाचा हक्क दिला. पुढच्याच वर्षी अमाप पीक आलं, वाघिणी एलेव्हेटरांकडे गेल्या आणि गहू तुंबला.

तेव्हा इंडियन हेड गावात शेतकऱ्यांनी संघ काढला. मागणी एकच: स्टेशनात नोंदवही ठेवा, ज्याचं नाव आधी त्याला वाघीण आधी, मग तो शेतकरी असो की कंपनी. 1902 साली ते कायद्यात आलं. तरी रेल्वे ऐकेना, म्हणून संघानं सिंटालुटा गावच्या स्टेशन एजंटावर खटला भरला. एजंटाला दंड झाला, आणि सर्वोच्च न्यायालयातही तो कायम राहिला. गंमत म्हणजे यातून लगेच सगळे फलाटाकडे धावले असं नाही. पण हात मोकळा आहे एवढं कळल्यावर एलेव्हेटरवालाही जपून बोलू लागला.

इंग्लिस गावात पाच जुने एलेव्हेटर रांगेनं जपून ठेवलेत. फ्लेमिंग गावचा 1895चा एलेव्हेटर 2010 साली जळाला तेव्हा लोक हळहळले. हळहळावं जरूर. पण शेतकऱ्याच्या बाजूनं उभी होती ती नोंदवही आणि तो ओटा. एलेव्हेटर कंपनीचा होता.